गुरुवारचा रोजा आणि सांदण

खाला, मला तू विसरली असशील. जिवंत होतीस तेव्हाही एकीच्या चुकीची छडी दुसरीला बसायची, इतकी तुझी आठवण पक्की. तुझ्या पडवीत कुराण शिकायला येऊन जिला एक अक्षर ओळखता आलं नाही, पण आयती, कुराणातली वचनं, ऐकूनच पाठ झाल्या, ती मी. आताही मी नुसती बोलते आहे, लिहिते आहे माझी नात.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझे घरवाले गलबतावर खलाशी. पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायची वेळ आली, विजयदुर्गची सगळी गलबतं वर ओढून झावळ्यांनी शाकारली, ह्यांचंच तेवढं आलं नव्हतं. माझी छाती अशी धडधडते की नमाजाच्या मुसल्यावरून उठवत नाही. वर अल्लाशी सौदा: हे सुखरूप आले तर रमजानपर्यंत दर गुरुवारी रोजा धरीन. मग वाटलं, एवढ्याने काय होणार, म्हणून सोमवारही घातला. तू आलीस, तव्यावरची करपलेली भाकरी बघितलीस. म्हणालीस, "नमाज झाली मां? मगे ऊठ. तू मागितलंस ता तेणा आयकल्यान. सासयेक उपाशी ठेवन खंयचो सवाब गावतलो?" मी उठले. हाताला पीठ लागलं, ओठांवर आयत होती, आणि छाती हळूहळू जागेवर आली.

शीड दिसलं तो रविवार. मी अनवाणी धावले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे मुंबईचा खजूर पुढे करतात आणि मी तोंड फिरवते. ह्यांना वाटलं, रुसली. तू तर हसून हसून जमिनीवर बसलीस. "सौदो तू केलंस, आता फेड गो!" पण सूर्य बुडाला तशी मगरिबला ओढणीखाली वाफेवरची गोड सांदणं घेऊन आलीस आणि माझ्याशेजारी बसून स्वतःचाही रोजा सोडलास. त्या दिवशीच नाही, माझा सौदा फिटेपर्यंत प्रत्येक रोज्याला. का म्हणून विचारलं तर, "माजा पोट सुटलाहा, म्हणान."

आता ऐक. ही नात नर्स झाली, परवा एकटी आखातात जायची आहे. आमच्या घरातली पहिली. मी सगळ्या मोहल्ल्याला दोनदा सांगून आले. हिची मात्र छाती धडधडते, दुवा संपत नाही, चुलीवरचं दूध उतू गेलं. मी म्हटलं, नमाज झाली मां? मगे ऊठ, बॅग भर. हसली, उठली. आता अर्ध्या भरलेल्या बॅगेवरच कागद ठेवून लिहिते आहे.

पुढचं लिहिताना ही डोळे वटारेल, वटारू दे. आज सकाळी मीही मन्नत मानली: ही तिथे रुळली की गुरुवारचे रोजे. सोमवार नाही घातला, तेवढी शहाणी झाले. हे पत्र कुठल्या टपालाने जायचं नाही, मला ठाऊक आहे. पण या खेपेला शेजारी बसायला तू नाहीस, तेव्हा सांदणं तरी पाठव. गूळ सढळ घाल, आणि मऊ कर. दात राहिले नाहीत.