मैत्रीचं दालन

एडिनबरा, रविवार

प्रिय कस्तुरी,

व्हॉट्सॲप सोडून एकदम हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही ठीक आहोत. नकुलची नोकरी शाबूत आहे आणि मी अजूनही शहराबाहेरच्या त्याच हवेलीत काम करते, जिथे लोक तिकीट काढून जुने गालिचे बघतात आणि मग कॅफेत बसून स्कोन खातात. ती हवेली बांधणारा माणूस कंपनी सरकारचा रेसिडेंट होता आणि त्याची उमेदीची सगळी वर्षं तुमच्या सोनवळ संस्थानात गेली, हे तुला सांगितलं तेव्हा आपण फोनवर केवढ्या हसलो होतो! आता मला हसू येत नाही. हल्ली तिथून घरी आले की शिसारीनं जेवण जात नाही.

उन्हाळ्यात तिथे नवं दालन उघडतंय. मधोमध एक भलंमोठं तैलचित्र आहे. गादीवर तुमचे यशवंतराजे, शेजारी खुर्चीत रेसिडेंट, आणि त्याचा हात राजांच्या खांद्यावर. चित्राखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी वाचायला बसले. तुमच्या घरात लढाया आणि पराक्रमच ऐकले होते गं मी. इथे लढाई नाहीच. आधी कापसाची एक वखार, तीसुद्धा राजाकडे हात जोडून मागितलेली. मग दोघा भावांत गादीवरून भांडण लागलं, तेव्हा कंपनीनं धाकट्याला, म्हणजे यशवंतराजांना, पलटण दिली. ते जिंकले, पण पलटण परत गेलीच नाही. तिचा खर्च संस्थानानं द्यायचा. तिजोरी आटली तेव्हा खर्चापोटी चांगले पिकते परगणे घेतले. मग आला हा रेसिडेंट. त्याला विचारल्याशिवाय शेजारच्या राजाला खलिता धाडायचा नाही, किल्लेदार नेमायचा नाही. आणि राजे वारल्यावर राणीनं दत्तक घेतलेला मुलगा, तुमचा मूळपुरुष, कंपनीला मंजूर नाही, म्हणून संस्थान खालसा! राणीला वाड्यातून काढलं ते पालखी देऊन, मानानं, सलामी झडवून. त्या सभ्यपणाचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. आणि संस्थानच्या दिवाणाची, आपल्याच माणसाची, ज्यानं त्याच आठवड्यात कंपनीची पेन्शन घेतली.

मी हे सगळं साध्या शब्दांत लिहून दिलं. आमची मॅनेजर सारा वाईट बाई नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी घरी सूप घेऊन आली होती. ती म्हणाली, "मीनल, हे जरा फारच अँग्री वाटतंय. लोक सुट्टीच्या दिवशी येतात." दुसऱ्या दिवशी माझ्या मजकुराच्या जागी एकच ओळ होती: कंपनीच्या मदतीने संस्थानात शांतता नांदली. मी विचारलं, मग राणीला बाहेर का काढलं? ती म्हणाली, "ते गुंतागुंतीचं आहे." दालनाचं नाव ठरलंय 'दोन घराण्यांची मैत्री'. दुकानात यशवंतराजांचा फेटा छापलेले टी-टॉवेल आलेत. त्या फडक्यांनी कुणीतरी कपबशा पुसणार.

इथल्या विद्यापीठातल्या मुलांना मजकूर बदलल्याची कुणकुण लागली आणि त्यांनी तक्रार केली. त्यावर मीटिंग झाली. मला वाटलं, आता तरी मजकूर बदलेल. पण सारानं हसत दुसराच तोडगा काढला. तुझ्या आबांना उद्घाटनाला बोलवायचं. येण्याजाण्याचं विमान, हवेलीत मुक्काम, पाहुण्यांसमोर 'हिज हायनेस' म्हणून ओळख. त्यांनी फीत कापायची आणि लिहून दिलेली चार वाक्यं वाचायची, मैत्रीबद्दल. "खुद्द घराण्यालाच आनंद आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला बोलायचं?" हे तिचे शब्द. टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे बसून पाहिलं, की राजाची संमती कशी मिळवतात ते ही माणसं अजून विसरलेली नाहीत.

आबा हरखतील, मला ठाऊक आहे. काकू गेल्यापासून ते कुठेही गेले नाहीत, आणि आता त्यांना राजेसाहेब म्हणणारं गावात कोण उरलंय? एका म्हाताऱ्या माणसाचं सुख हिरावून घ्यायचा मला काय अधिकार, म्हणून हे पत्र मी दोनदा फाडलं. पण कस्तुरी, मला सारानंच लिहायला सांगितलंय. औपचारिक निमंत्रण जाण्याआधी तू मैत्रिणीला मराठीत, घरच्यासारखं लिही, त्यांना तयार कर, म्हणाली. मी लिहिते म्हणाले. तर हे ते पत्र. आबांना वाचून दाखव, दिवाणाची ओळसुद्धा गाळू नकोस. मग त्यांना यायचं असेल तर येऊ देत. माझ्याच घरी उतरतील, मी विमानतळावर घ्यायला येईन. राजीनामा उद्या देतेय.

तुझीच,
मीनल