अल्बममधले अर्धे मामा

तीर्थरूप अण्णांच्या पायांवर धाकट्या वैरवनचं डोकं.

इकडे देवकोट्टैत आम्ही सगळे धडधाकट आहोत (माझा उजवा डोळा सोडून, त्याचं पुढे येईलच). तिकडे कोइमतूरला तुमचा रक्तदाब, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या घरमालकाचा स्वभाव या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. अण्णा, फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर देऊन तुम्ही फोन ठेवता. कागदाला ती सोय नाही. तेव्हा कॉफी मागवा, पाय पसरून बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

कापडदुकानवाले पळनियप्पन तुम्हाला आठवत असतील. हसताना गिऱ्हाइकाकडे आणि रडताना देवाकडे बघतात, तेच. त्यांच्या वळ्ळियम्मैचं लग्न झालं आणि त्याचे फोटो अर्थातच मी काढले. मुलीचे मामा चोक्कलिंगम, भाताच्या गिरणीचे मालक, मिशी अशी की आधी मिशी दारातून आत येते आणि मग तिच्यामागून ते. मुलीच्या लग्नात मामाचा मान काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. नवरा मुलगा एक वेळ उशिरा आला तर चालतो, मामा आधी हजर लागतो. तर मामा हजर होते, पहाटेपासून होते, प्रत्येक विधीला पुढे पुढे होते. आणि माझा अल्बम उघडला तर मामा नव्हते.

म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. पहिल्या पानावर त्यांचा खांदा होता. तिसऱ्या पानावर अर्धी मिशी होती. हार घालण्याच्या फोटोत हवेतून नुसता एक हात हार घेऊन आलेला होता, आकाशवाणीला हात फुटल्यासारखा. आणि घरच्या सगळ्यांच्या मोठ्या फोटोत व्याही होते, विहीणबाई होत्या, मागून सांबाराची बादली घेऊन जाणारा वाढपी सबंधच्या सबंध होता (बादलीवरची मालकाच्या नावाची अक्षरंसुद्धा वाचता येत होती), आणि डाव्या कडेला मामांचा गुडघा.

आता या मामांनी साखरपुड्यात चार माणसांत म्हटलं होतं की पळनियप्पनच्या दुकानातलं लुगडं एका धुण्यात इतका रंग सोडतं की नवऱ्याला बायको ओळखू येत नाही. हे पळनियप्पनना लागलं होतं. त्यामुळे मामांनी सरळ हिशेब केला, की मेव्हण्यानं सूड घेतला आणि फोटोवाल्याला हाताशी धरलं. सकाळी दुकान उघडतो तोच अल्बम काखेत मारून दारात उभे. “काय हो फोटोकार, मी किती रुंद आहे?” मी म्हटलं, “चांगले भरपूर आहात, मामा.” “मग एवढा माणूस मावला नाही, की मावू दिला नाही?”

अण्णा, मी तुमचा भाऊ आहे. चूक कबूल करायची सवय आपल्या घरात कुणालाच नाही. मी आधी दोष मदुरैच्या छपाईवाल्याला दिला, की त्यानं कडा कापल्या. मग मामांनाच दिला, की तुम्ही सारखे बाहेर बाहेर सरकत होतात. शेवटी लग्नमंडपाच्या खांबाला दिला. पण ही बातमी गावात पसरली आणि लोकांनी आपापले अल्बम माळ्यावरून काढले. दीड-दोन वर्षांतल्या लग्नांत देवकोट्टैची डावी बाजूच नाहीशी झालेली निघाली! कुणाचे व्याही उभे चिरलेले, कुणाच्या वरमाईचं नुसतं नाक आत आणि बाकी बाई बाहेर. एका घरची आत्या तर सबंधच गेली होती (त्या घरच्यांनी मात्र तक्रार केली नाही, उलट त्या फोटोच्या आणखी प्रती मागवल्या).

इकडे मामांनी जाहीर केलं की या घराचा उंबरा आता चढणार नाही. आणि वळ्ळियम्मैला सातवा लागत होता. बांगड्या भरण्याचा समारंभ तोंडावर आला, आणि तिथे मामा नाही म्हणजे अर्ध्या गावाला जेवणापेक्षा चविष्ट विषय. मुलीची आई भावाच्या नावानं रडून रडून आजारी पडली. मुलगी स्वतः माझ्या दुकानात आली, पोट सावरत बाकावर बसली आणि म्हणाली, “काका, मामा आला नाही तर मी बांगड्या भरून घेणार नाही. तुम्ही काय ते करा.” आता ती दुसरं काही म्हणाली असती तर मी तिलाही खांबाचंच सांगितलं असतं. पण पोरगी भांडली नाही हो. नुसती बसून राहिली. मला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

शेवटी कॉफीच्या दुकानापुढे सगळे जमले. मामांनी मिशीवरून हात फिरवून निवाडा मांडला: “दोनच गोष्टी असतात. एक तर याचा डोळा खोटा, नाही तर याची नियत खोटी. रविवारी डोळ्यांची गाडी येतेय. तिथे डोळ्याच्या आतला फोटो काढून बघतात म्हणे. डोळा खोटा निघाला तर मी मेव्हण्याची माफी मागतो. डोळा खरा निघाला तर...” गिरणीवर माणसं पुष्कळ आहेत त्यांच्या.

माझी गोची ध्यानात घ्या. डोळा चांगला निघावा तर मी लाच खाऊन मामा कापणारा ठरतो. डोळा वाईट निघावा तर आंधळा फोटोग्राफर ठरतो, आणि अशा माणसाकडून पासपोर्टचा फोटोसुद्धा कोण काढून घेईल? रात्री विशालाक्षीला म्हटलं, “देवाकडे काय मागू ते कळत नाही.” ती म्हणाली, “आजवर कधी कळलंय?” आणि कूस बदलून झोपली.

रविवारी मंगल कार्यालयात शिबिर. बाहेर एवढा मोठा फलक, त्यावर डोळा लिंबाएवढा आणि शिबिर भरवणाऱ्या पुढाऱ्याचं तोंड कलिंगडाएवढं (फोटो माझाच, आणि त्याची डावी बाजू शाबूत होती, कारण डावीकडे त्यांनी कुणाला उभंच राहू दिलं नव्हतं). पुढारी दिवा लावून गेले, जाताना स्वतःचे डोळे तपासायला वेळ नाही म्हणाले. आतमध्ये कॅमेऱ्याचं यंत्र घेऊन तेन्मोळी नावाची मुलगी बसलेली. मागच्या खुर्च्यांवर एका बाजूला पळनियप्पन हात जोडून, दुसऱ्या बाजूला मामा हाताची घडी घालून. एकाला माझा डोळा फुटका हवा होता, दुसऱ्याला धड. माझ्या प्रकृतीची इतकी कळकळ गावात याआधी कुणी दाखवली नव्हती.

आणि अण्णा, ती मुलगी मला सांगते, “हनुवटी इथं टेका. कपाळ पुढे. हिरव्या दिव्याकडे बघा. हलू नका, पापणी मिटू नका.” मला! तीस वर्षं मी नवऱ्यामुलींना हेच सांगत आलो. मी तिला म्हटलं, “बाई, उजेड कमी करा, चित्र जळेल.” ती म्हणाली, “काका, तोंड बंद.” लख्खकन प्रकाश पडला आणि मी डोळा मिटला. पुन्हा पडला, पुन्हा मिटला. तिसऱ्यांदा मिटला तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही फोटोग्राफर ना?” मागे मामा खोकले. तो खोकला नव्हता.

फोटो एकदाचा आला. धंद्याच्या नजरेनं सांगतो, अगदी सामान्य. गोल, नारिंगी, तांबड्या शिरा इकडून तिकडे धावताहेत, मध्ये कुणाचं तोंड नाही. मी म्हटलं, “मांडणीत दम नाही.” पण डॉक्टरीण आली, मीनलोचनी नाव, वय आपल्या पोरींएवढं, आणि तो फोटो तिनं पुन्हा मोठा करून बघितला. मग तिनं दुसऱ्या कुणाच्या निरोगी डोळ्याचा फोटो शेजारी लावला. दोन्हींत एक पिवळट टिकली होती, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. त्या टिकलीच्या मध्ये एक फिकी वाटी असते. निरोग्याची वाटी मुलीच्या भातुकलीतली. माझी वाटी टिकलीच्या काठापर्यंत पसरलेली, रसमच्या वाटीसारखी.

तिनं विचारलं, “कॅमेरा कुठल्या डोळ्याला लावता?” म्हटलं, उजव्या. “आणि माणसं कुठल्या बाजूची कापली जातात?” हे तिला तेन्मोळीनं सांगितलं असणार, तेन्मोळीला सगळ्या गावानं. म्हटलं, डाव्या. ती म्हणाली, “उजव्या डोळ्याची नाकाकडची, म्हणजे डावीकडची, नजर गेलीय तुमची. काचबिंदूचा दाट संशय आहे. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं खात येतो. जे दिसत नाही तिथे मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं दिसतंय.” मी विचारलं, “परत येईल ना?” ती म्हणाली, “गेलेली नाही येत. उरलेली राखता येते.”

मी काही बोलायच्या आत पळनियप्पन खुर्चीवरून उडाले. “डोळा गेला! मुरुगा, डोळा गेला!” डॉक्टरीण ओरडली, “गेला नाही हो, थोडा गेलाय, आणि तुम्ही आत कसे आलात?” “थोडा तर थोडा!” म्हणत त्यांनी मेव्हण्याला मिठी मारली. मामा ढसाढसा रडले. आधी मेव्हण्याच्या गळ्यात, मग माझ्या गळ्यात. “फोटोकार, माफ करा, तुम्ही खरोखरच आंधळे आहात!” बाहेर कुणीतरी लाडू वाटले. ज्याच्या आजारपणावर गावानं तोंड गोड केलं असा मी जिल्ह्यात पहिलाच असेन. एक लाडू मलाही मिळाला. मी खाल्ला. अण्णा, एवढ्या माणसांत मी एकटाच होतो ज्याला कळलं होतं की आज काहीतरी गेलंय.

मग मदुरैच्या इस्पितळात खरी तपासणी. पांढऱ्या पोकळ टोपल्यात डोकं घालून बसायचं आणि ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. मी हुशारी करून अंदाजानं दाबत सुटलो. यंत्रानं ती चोरीही टिपली आणि सगळं पुन्हा करायला लावलं (माणसाला फसवता येतं, हे यंत्र भलतंच चोख). निकाल कागदावर आला: उजव्या डोळ्याच्या नकाशात डावीकडे काळा डाग. मी तो घरी अल्बमशेजारी ठेवला. जिथे काळं, तिथे मामा.

असो. बांगड्यांचा समारंभ झाला. मामा आले, ओटीत नारळ घातला, बहिणीला जवळ घेतलं. मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायला शिकलोय, तो बराच शाबूत आहे. मामांनी अट घातली, की आपण मधोमध. त्यामुळे त्या फोटोंत मामा पूर्ण आहेत, मिशीच्या दोन्ही टोकांसकट, आणि त्यांच्यामागे कुठेतरी गर्भार मुलगी आहे असं म्हणतात. ती मात्र जाताना म्हणाली, “काका, छान आले.” न बघताच म्हणाली. लोकांना आता मी आवडायला लागलोय, आणि कामही मिळतंय. फक्त माझ्या डावीकडे कुणी उभं राहत नाही.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक
वैरवन

ता. क. – काळजी नसावी. रोज रात्री डोळ्यात थेंब घालायचे, जन्मभर. विशालाक्षी घालते. निम्मे कानात जातात, त्यामुळे ऐकायला मात्र उत्तम येतं.

ता. क. २ – डॉक्टरणीनं विचारलं, वडिलांचे डोळे कसे होते? मी म्हटलं, डोळे चांगले होते, ताठा फार होता. कुणी बाजूनं वणक्कम केला तरी मान वळवायचे नाहीत, शेवटी शेवटी तर दाराच्या चौकटीलाही रस्ता द्यायचे नाहीत. ती बराच वेळ लिहीत राहिली. मग म्हणाली, हा आजार रक्तातून येतो, भाऊ आहेत का? मी छाती काढून सांगितलं, थोरले अण्णा आहेत, कोइमतूरला गाडी शिकवायची शाळा चालवतात, अर्ध्या शहराला त्यांनी रस्त्यावर आणलंय. तिनं पेन खाली ठेवलं.

ता. क. ३ – वहिनींचा फोन आला होता. तुमच्या शिकवायच्या गाडीचा डावीकडचा आरसा यंदा तिसऱ्यांदा बदलला म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा चूक म्हशीची होती असं तुम्ही म्हणता. अण्णा, म्हशीची असेलही. पण बुधवारी मदुरैला मी तुमचं नाव लावून ठेवलंय, दारात उभा राहीन. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागवा. गाडी आणू नका, बसनं या. आणि बसमधून उतरल्यावर वहिनींना तुमच्या डाव्या बाजूनं चालू द्या.