आईच्या भांड्यातला रस्सा

ह्वालिएन
२८ फेब्रुवारी १९८८

चि. वनपिन यास,
अनेक आशीर्वाद. फोन करायचा सोडून ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे आणि म्हाताऱ्याचे कान अजून तिखट आहेत. म्हणून हा कागद.

बाबांचं जेवण तुटलंय. दोन घास झाले की वाटी सरकवतात. डॉक्टर म्हणतात, रोग असा काही नाही, वय चौऱ्याहत्तर आहे. मी भात मऊ करते, माशाचं पाणी देते, तर म्हणतात, बी-युन, तू हॉस्पिटलसारखं छान रांधतेस. तुझे भावोजी यावर तोंड फिरवून हसले. त्यांचं मी नंतर पाहून घेतलं.

परवा मात्र बाबा आपण होऊन बोलले. आईच्या भांड्यातला रस्सा घालून एक वाटी नूडल्स मिळाल्या तर खाईन, म्हणाले. आई गेल्यावर आपल्या नूडल्सच्या दुकानातला तो कधीच संपू न दिलेला रस्सा तू ओळखीच्या दुकानदाराकडे सोपवलास, हे चार वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. माझी बायको गेली, पण तिचं भांडं रोज दोनदा उकळतंय, असं सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तर त्या गृहस्थांकडून एक बरणी घेऊन ये. त्यांचं नावही कळव, बाबांना त्यांना आभाराचं पत्र घालायचंय.

तू नीट खातोस ना? पत्राची वाट पाहते, उशीर करू नकोस.

तुझी,
बी-युनताई

तैपेई
९ मार्च १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं. भावोजींना नमस्कार सांग आणि माझ्यातर्फे सहानुभूतीही.

ते दुकानदार हल्ली जागा बदलून गेलेत. कुठे, ते नक्की कोणी सांगत नाही. म्हणून रेडिओ दुरुस्तीचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी आपला भाग पिंजून काढतोय. जन्म इथे गेला, पण दर दहा पावलांवर कोण काय शिजवतं हे आत्ता कळतंय. चहाच्या गोदामांमागे एक जण खिम्याच्या रश्शातल्या नूडल्स देतो, पण त्या इतक्या गोड की आईने वाटी परत पाठवली असती. बाजाराच्या उत्तरेकडच्या दाराशी एकाचा रस्सा रंगाने हुबेहूब आपला, पण चक्रीफुलाशिवाय दुसरी चव नाही. देवळासमोरच्या बाकावर मी बारीक शेवया आणि कालवं खाल्ली. ती आपल्या शोधात बसत नव्हती, पण समोर पातेलं उकळत असताना उठवेना. मग वाफवलेल्या पावात डुकराचं मांस आणि वर दाण्याचं कूट. मग आल्याच्या पाकातलं टोफू, पोटाला थंड म्हणून. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय.

खायला बसलो की सगळं आठवतं. आई ठेंगण्या स्टुलावर बसायची आणि डाव पुसून कोरडा केल्याशिवाय रश्शात घालायची नाही. कच्च्या पाण्याचा थेंब गेला तर रस्सा गेला, म्हणायची. मी दोनदा तिच्या हातचा मार खाल्लाय, दोन्ही वेळा ओल्या डावासाठी.

बाबांना सांग, शोध चालू आहे. थोडा धीर धरा. तुझं प्रेम आहे तसं राहू दे.

वनपिन

ह्वालिएन
१५ मार्च १९८८

चि. वनपिन यास,
आशीर्वाद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात टोफू आहे, कालवं आहेत, तुझा पट्टा आहे. फक्त त्या माणसाचं नाव नाही. ज्याच्या हाती आईचं भांडं दिलं त्याचं नाव तुला ठाऊक नाही, आणि त्याचा रस्सा तू चव घेऊन ओळखायला निघालास? मी तुला लहानपणी अंघोळ घातलीय, वनपिन. तू खोटं बोलताना फार तपशील देतोस.

काय झालं ते सरळ लिही. बाबा रोज विचारतात, पोस्टमन आला का. काल त्यांनी अर्धी वाटी पेजसुद्धा घेतली नाही.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई

तैपेई
२६ मार्च १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि. रस्सा मी कोणालाही दिला नाही. तो मी गटारात ओतला.

बाबा तुझ्याकडे आले तेव्हा मला बजावून गेले होते की नूडल्सचं दुकान बंद असलं तरी सकाळ-संध्याकाळ भांडं उकळायचं, एक दिवसाचाही खाडा नको. मी चार महिने उकळलं. मग जून महिन्यात होड्यांच्या शर्यतींचा सण आला, मित्र समुद्रावर चालले होते, त्यांच्याबरोबर तीन दिवस गेलो. भांड्याची आठवण पहिल्याच दिवशी झाली होती, ताई. तरी परतलो नाही. आल्यावर झाकण काढलं तर वर पांढरा फेस, आणि वास असा की मला बाहेर पळावं लागलं. तीस वर्षं आईने त्या भांड्याचा तळ कोणाला दिसू दिला नव्हता. रोज वरून नवीन घालायची, विरजण जपावं तसा जुना रस्सा जपायची. तो तळ मी पाहिला. त्याच दिवशी बाबांचा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की एकाकडे सांभाळायला दिलाय. ते इतके खूश झाले की मला ते मागे घेता येईना.

आता पुढचं. म्हटलं होतं, चवीला जवळचा रस्सा मिळाला तर तोच आपला म्हणून पाठवू. तसा मिळाला. कापडबाजारामागच्या बोळात आ-थाओ मावशी म्हणून आहेत, चार स्टुलं, दुपारी बारापर्यंत धंदा. पहिला घोट घेतला आणि मान वर करून समोर आईच बसलीय की काय ते पाहिलं. थोडा गोड आहे, पण बाकी आईचाच. मी एक बरणी विकत मागितली. त्या म्हणाल्या, अंडी घे, टोफू घे, हवं तर मी बसलेय ते स्टूल घे, रस्सा विकायचा नसतो, आणि नूडलवाल्याच्या घरचा असशील तर हे तुला कळायला हवं. चार दिवस गेलो, चारही दिवस त्यांनी हाकललं.

पाचव्या दिवशी सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, किती दिवस उकळला नव्हतास. तीन, म्हणालो. कोणता महिना? जून. त्यांनी कपाळाला हात लावला आणि आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकवलं की या बहाद्दराने जूनमध्ये तीन दिवस रस्सा तसाच ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग विचारलं, भांडं कुठंय. मी खरं सांगितलं, त्यात माझे रेडिओचे स्क्रू आहेत. ताई, खोटं बोललो हे त्यांनी एक वेळ ऐकून घेतलं, पण स्क्रूंचं ऐकून त्या डाव घेऊन उठल्या.

शेवटी अट घातली. भांडं घासून आणायचं. बरणी म्हाताऱ्याला, आणि भांड्यात जाईल तेवढा रस्सा मला. मी तो रोज दोनदा उकळायचा आणि दर आठ दिवसांनी त्यांना चव दाखवायची. आजचा सहावा दिवस.

भावोजी संगमरवराच्या कामाला आले आहेत, बरणी त्यांच्याबरोबर देतो. मी स्वतः यायला हवं होतं. भांडं सोडून कसं येऊ, अशी सबब तयार आहे, पण खरं म्हणजे बाबांसमोर बसायची हिंमत नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी माझं ओझं तुझ्या गळ्यात घालतोय, हेही कळतंय. चुकलो म्हणणं फार थोडं आहे.

क्षमा नको मागू, असं तुला वाटलं तर तेही लिही; पण लिहीत जा.

वनपिन

ह्वालिएन
७ एप्रिल १९८८

चि. वनपिन यास,
आशीर्वाद. तुझे भावोजी बरणी पूर्ण प्रवासभर मांडीवर घेऊन आले. बोगद्यात गाडी हलली तेव्हा शेजारच्या बाईंनीही तिला हात लावून धरलं म्हणे.

परवा पितरांचा दिवस होता. बाबांनी खुर्ची स्वयंपाकघरात आणायला लावली. नूडल्स पाण्यात किती झटके द्यायच्या, लसूण कधी घालायचा, सगळं बसल्या जागेवरून सांगत होते. पहिली वाटी आईच्या फोटोपुढे ठेवली. दुसरी त्यांनी नाकापाशी धरली, बराच वेळ. मग एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. मी आता सांगते, मग सांगते करत उभी राहिले. त्यांनी वाटी संपवली, वनपिन. तळाचा रस्सासुद्धा प्यायले. त्यानंतर माझ्याने बोलवलं नाही. आजवर बाबांशी खोटं बोलले नव्हते. आता गप्प राहून बोलले. तुला रागवायचा माझा हक्क त्या दिवशी संपला.

संध्याकाळी म्हणाले, आता पत्र लिहून घे. ते सांगत गेले आणि मी लिहिलं. नाव काय घालू, असं मी खाली मान घालून विचारलं. म्हणाले, नाव नको, ज्याचं आहे त्याला पोहोचेल. वनपिनकडे पाठव, तो देईल. तेव्हा सोबत जोडते आहे. मी शब्द बदललेला नाही.

ते आता रोज जेवतात. तू ये.

तुझी,
ताई

(सोबतचं पत्र)

ह्वालिएन, ५ एप्रिल

आमचं भांडं सांभाळणाऱ्यास,
नमस्कार. रस्सा पोहोचला. थोडा गोड आहे, पण जपलेला आहे. जपणारा हात चवीत कळतो.

माझ्या बायकोने हे भांडं तीस वर्षं उकळलं, लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. ती गेली तेव्हा ते मी मुलाच्या हवाली केलं आणि लेकीकडे निघून आलो. तिच्या माघारी त्या घरात तिच्याच रश्शाचा वास घेत बसणं मला सोसेना. जे मला सोसेना ते तेवीस वर्षांच्या पोराला सांगून आलो, आणि एक दिवसाचाही खाडा नको म्हणून दमही दिला. ही माझी चूक. त्याला ती कधी बोलून दाखवली नाही. तुम्ही ते ओझं उचललंत, तुमचे उपकार आहेत.

एक विनंती. मुलगा तिथेच जवळ राहतो. सकाळी काही न खाता दुकान उघडायची त्याला सवय आहे. तो आला तर त्याच्या वाटीत रश्शातलं एक अंडं जास्त घालावं. मी सांगितलं, असं त्याला कळू देऊ नये.

आपला,
लिन, नूडलवाला

तैपेई
१२ एप्रिल १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बाबांचं पत्र मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. त्यांना कळलंय की नाही, हाही विचार आता करत नाही. कळलं असेल तर मला त्यांच्यासमोर बसायलाच हवं, आणि नसेल तर जास्तच. शनिवारच्या गाडीने येतो. तू काही सांगू नकोस, मी माझ्या तोंडाने सांगेन. दोन दिवस भांडं मावशींकडे ठेवतोय. त्यांनी चव बघून मीठ कमी आहे म्हणून झापलं, पण ठेवून घ्यायला हो म्हणाल्या.

पत्र ज्याचं त्याला द्यायला हवं म्हणून मी ते काल त्यांच्याकडे घेऊन गेलो. मावशींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, वाच. चारी स्टुलांवर माणसं होती. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं लागलं. अंड्याची ओळ तिसऱ्या खेपेला पूर्ण झाली. मावशींनी पाठ फिरवून नूडल्स पाण्यात सोडल्या.

वाटी पुढे आली तर त्यात दोन अंडी. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या की मला कोणी काही सांगितलेलं नाही, गप खा.

शनिवारी भेटू. तोवर बाबांची वाटी भरलेली असू दे, आणि मी येईपर्यंत तुझा राग जपून ठेव.

तुझा,
वनपिन