दोघांना एक खोली

आई, तू होतीस तोवर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. मी मुलुंडला, तू दादाकडे बोरिवलीला. काही सांगायचं असलं की बाबांबरोबर निरोप जायचा. दर रविवारी ते तुला भेटायला जात. नवरा बायकोला आठवड्यातून एकदा भेटायला जातो, यात काही चुकतंय असं आम्हा भावांना वाटलंच नाही. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली सुटली, तेव्हा आम्ही दहा मिनिटांत तुमची वाटणी केली. दादाची मुलं लहान, म्हणून तू तिकडे. माझ्याकडे नवरा-बायको दोघंही नोकरीवर, रेशनला आणि गॅसचा सिलिंडर घ्यायला घरी कोणीतरी हवं, म्हणून बाबा इकडे. तुम्हाला कुणी विचारलं नाही. पितळेचा डबा कुणाला द्यायचा, हे मात्र तुला विचारलं होतं.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, गणपतीत आणि व्याख्यानमालांत, माझा एक विषय गाजत होता: वृद्धाश्रम हा समाजाला लागलेला कलंक. "ज्या हातांनी तुम्हाला घास भरवला, ते हात परक्याच्या दारात सोडून येताना तुमचे हात कापले नाहीत?" असं विचारून मी थांबायचो. तिथे टाळी यायचीच. खोटं नव्हतो बोलत मी, आई. मला ते मनापासून पटलेलं होतं. पण इतकं पटलं की माणूस स्वतःच्या घरात बघायचं विसरतो.

एका रविवारी दादाकडची मंडळी मुलांच्या आजोळी गेली होती, म्हणून तूच मुलुंडला आलीस. चहासुद्धा न घेता बाबांच्या फळीपाशी गेलीस आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली उजेडात धरलीस. बाबांना काचबिंदू, सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चाळीत तू त्यांची पापणी वर करून घालायचीस.

"महिना झाला, बाटली भरलेली कशी?"

बाबा खिडकीकडे बघत राहिले. "माझा हात कापतो. थेंब गालावरच जातात. सोडून दिलं."

"मग सुनेला सांगायचं."

"काय सांगू? डोळा उघडून धर म्हणू? सासरा मी तिचा."

"आणि हा?"

"हा घरी असतो कुठे?"

मी तिथेच बसलो होतो, संध्याकाळच्या घाटकोपरच्या भाषणाची टिपणं काढत.

तू मला स्वयंपाकघरात बोलावलंस. बटव्यातून घडी घातलेला एक छापील कागद काढलास. "वर्सोव्याहून होडीने पलीकडे, मढला आहे. आम्ही बघून आलो बुधवारी."

"आम्ही म्हणजे कोण?"

"हे नि मी. होडी हलली तसा ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत! लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच." तू हसलीस. तुला असं हसताना मी चाळ सुटल्यापासून बघितलं नव्हतं. मग हळूच म्हणालीस, "तिथे जोडप्याला एक खोली देतात रे."

मी पेटलो. दोन मुलगे जिवंत असताना आईबाप आश्रमात? आम्ही काय मेलो? लोक शेण घालतील तोंडात. कुठल्या तोंडाने उभा राहू मी उद्या? हात वर करून बोलत होतो, आई, फोडणीच्या डब्यासमोर. तू गॅस बारीक केलास.

"हळू बोल. इथे टाळ्या वाजवायला कोणी नाही. मी एवढंच विचारते, ह्यांच्या डोळ्यांत औषध कोण घालणार?"

"मी घालीन."

"रोज?"

"रोज."

तू कागदासाठी हात पुढे केलास. मी तो तोवर खिशात टाकला होता.

संध्याकाळी तुला घाटकोपरला नेलं. बायकांच्या खुर्च्यांत दुसऱ्या रांगेत तू बसलेली मला आजही दिसतेस. मी सांगतोय, "माझे आईवडील आमच्या घरात आहेत, आणि शेवटपर्यंत आमच्याच घरात राहतील!" घर एक नव्हतं, दोन होती, त्यांच्या मध्ये अख्खी उपनगरं होती. सभागृह दणाणलं. तू पदर सारखा केलास आणि तूही टाळ्या वाजवल्यास. बाहेर आल्यावर म्हणालीस, "घसा सुकला असेल, पाणी पी." आणि रिक्षात बसताना, "तो कागद कुठेय रे?"

"फाडून टाकला."

"बरं," म्हणालीस. पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

औषध मी अकरा दिवस घातलं. मग नाशिकची व्याख्यानं होती, मग गणपती आले. दोन वर्षांनी दादाची मुलं मोठी झाली आणि तू कायमची मुलुंडला आलीस. पहिल्याच सकाळी बाटली हातात घेतलीस, तर बाबा म्हणाले, डॉक्टरांनी बंद केलंय, आता उपयोग नाही. त्यानंतर ते तुझा हात धरूनच गॅलरीपर्यंत जायचे. चारचौघांत धरायची लाज संपली होती. तेवढं मात्र माझ्यामुळे झालं.

वृद्धाश्रमांवर मी पुढेही बोललो. आता वाटतं, कलंक जागेला नसतो. म्हाताऱ्यांनी कुठे राहायचं ते त्यांना सोडून बाकी सगळ्यांनी ठरवणं, हा कलंक. हे वाक्य चांगलं आहे, टाळी घेईल. पण मला सुचलं तेव्हा मला बोलवणारं कोणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी मढला जाऊन आलो. होडीनेच. जागा अजून आहे. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी बघताय?" मला पंच्याहत्तर उलटून गेली आहेत. तोंडातून निघून गेलं, "आईवडिलांसाठी." त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि किल्ली घेऊन पुढे झाल्या. दोन खाटा, मध्ये हात पोचेल एवढं अंतर, एक खिडकी, औषधं ठेवायला एक फळी.

हे पत्र मी त्याच कागदाच्या घडीत ठेवतोय. तो मी फाडला नव्हता, आई. तुला खोटं सांगितलं. तुझं बरोबर आहे, हे मला रिक्षात बसतानाच कळलं होतं.