सुनेची हजेरी

मी, एकनाथराव लक्ष्मणराव भालकीकर, वय बासष्ट, राहणार मलकपेठ, हैदराबाद, गिरणीतला निवृत्त हजेरी कारकून, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते आधी असतं तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

१. मलकपेठेतलं माझं स्वकष्टार्जित घर, वरच्या पत्र्याच्या खोलीसकट, माझ्या पश्चात सूनबाई सौ. त्रिवेणी हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. चिरंजीव उदय आबिड्सला कॉम्प्युटर शिकवतो, त्याचं बरं चाललं आहे. त्यानं हरकत घेऊ नये. कारण खाली दिलं आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते.

२. धाकटे बंधू प्रमोद यांना माझी सायकल द्यावी, बाकी काही नाही. 'सून सकाळी लोळते, दुपारी टुणटुणीत!' असे त्यांनी माझे कान भरले. पण कान माझेच होते, तेव्हा सायकल तरी द्यावी.

३. कपाटातली निळी वही त्रिवेणीला द्यावी. ब्याण्णव साली गिरणी बंद पडली. तीस वर्षं लोकांची हजेरी लिहिलेला माणूस घरी बसला आणि सुनेची हजेरी लिहू लागला. 'सकाळी साडेसहा. दारात रांगोळी नाही. बोटं मिटत नाहीत म्हणे. साडेअकरा. सहा भाकरी थापल्या.' असं रोज. तिचं नाटक उघडं पाडायचं होतं मला!

चौदा महिन्यांनी उदय तिला दवाखान्यात घेऊन गेला, मीही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, 'सकाळी सांधे किती वेळ आखडतात?' ती म्हणाली, 'थोडा वेळ.' वही माझ्या खिशात होती. चार-पाच तास, हे मला ठाऊक होतं. पण वही काढली तर सुनेवर पाळत ठेवतो हे उदयला कळेल, म्हणून मी गप्प बसलो. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

दीड वर्षानं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्तीच बिथरते, आपल्याच सांध्यांना शत्रू समजून तिथं सूज आणते. रात्रभर पडून राहिल्यावर सांधे धरतात, म्हणून सकाळी हात लाकडासारखे. वावरता वावरता दुपारी सैल होतात. या संधिवाताची मोठी खूणच ती! जो मी तिच्या खोटेपणाचा पुरावा समजलो, तो आजाराचा पुरावा होता. तोवर तिची बोटं वाकडी झाली होती. औषधानं सूज उतरली, बोटं सरळ झाली नाहीत.

४. हे मेल्यावर वाचायला ठेवणं म्हणजे पळपुटेपणा. म्हणून सही करण्याआधी त्रिवेणीला बोलावून साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवतो. साक्षीला आलेले ख्वाजामियाँ म्हणाले, 'नक्को पढो जी, बच्ची का दिल दुखता.' मी ऐकलं नाही.

वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मामंजी, वही मी तेव्हाच पाहिली होती. मला वाटलं, डॉक्टरांना दाखवायला लिहिताय. म्हणून तर मी तिथं थोडंच बोलले. पुढचं तुम्ही सांगाल म्हणून तुमच्याकडे बघत राहिले.'

 तिचे शब्द तिच्यासमोरच इथं उतरवून सही करत आहे.

सही : एकनाथराव लक्ष्मणराव भालकीकर

आमच्यासमक्ष सही केली :
नामदेवराव उदगीरकर, निवृत्त पोस्टमास्तर, मलकपेठ
ख्वाजा मोईनुद्दीन, घड्याळजी, अफझलगंज

मलकपेठ, हैदराबाद
ता. १४ नोव्हेंबर १९९६