शुक्रवारच्या खिचडीचा सूड

२७ फेब्रुवारी १९७४, राखेचा बुधवार.
सकाळी कपाळावर राख घेतली. संध्याकाळी फादरनं काळजावर निखारा ठेवला. इस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारी चर्चची खिचडी ढवळायचा सराटा यंदा नत्थूजीकडे! नत्थूजी, जो घरी चहासुद्धा जाळतो! इतकी वर्षं चर्चमागच्या चुलीवरच्या त्या मोठ्या गंजाशी, पातेल्याशी, धुरात डोळे फोडले मी.
फादर म्हणाले, शालिकराम, लोकांनी शुक्रवारी साधं, थोडं खायचं आणि वाचलेला पैसा डब्यात टाकायचा, तो सिस्टरलोकांच्या मठात ठेवलेल्या आजारी पोरांले जायचा. तुमच्या खिचडीपुढे लोक तीनतीनदा ताट धरतात. सगळा डबा डालडा-मसाल्यातच खाली होतो.
म्हणजे माझा गुन्हा काय, तर चव!
ठरलं. सूड घेईन. शांतपणे, ख्रिस्ती माणसाले शोभेल असा.

१ मार्च, शुक्रवार.
प्लॅन नंबर एक: बायकॉट. क्रूसाच्या वाटेची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी अर्ध्या चर्चच्या कानात सांगितलं, नत्थूजीची खिचडी म्हणजे निव्वळ लापशी, घरी जेवा. बरेच जण ऐकून निघाले. मी दारात उभा, छाती फुगवून.
पण हे लोक दाराजवळ थांबले आणि डब्यात पैसे टाकत गेले. काहून, तर न जेवता गेलो आणि डब्यातही टाकलं नाही तर कंजूस म्हणतील! जेवणारे कमी, डबा भरलेला. फादरनं नत्थूजीची पाठ थोपटली.
मलेही टाकावे लागले. सगळे पाहून राहिले होते.

८ मार्च.
प्रेमिलाले हेर म्हणून पाठवलं. आपलीच बायको, कोणाले संशय यायचा नाही. दोन ताटं खाऊन आली. म्हणे, पोटाले हलकं वाटते. अॅक्टिंग फारच उत्तम करते. पुढच्या शुक्रवारी तांदूळ निवडायलेही जाणार आहे, म्हणजे गंजाच्या अगदी जवळ आपला माणूस. नत्थूजी, तू गेला आता!

१५ मार्च, रात्री.
प्लॅन नंबर दोन: खिचडी कमी पाडायची, म्हणजे नत्थूजीची चारचौघांत फजिती. कन्हानहून साळा देवाजी बायकापोरांचं पूर्ण खटलं घेऊन आला. ऑफिसातले लोक आले. सीताबर्डीचा माझा पानवालाही आला, त्याचा चर्चशी काय संबंध, पण आला.
गंज खरवडला गेला. मागची सगळी रांग उपाशी. मी म्हटलं, आता होऊ दे बोंबाबोंब. तर फादर खुर्चीवर चढले आणि म्हणाले, आज आपल्याले कळलं खरा उपास काय असतो ते, आजारी पोरांची आठवण ठेवा. झालं! बायका पदराले डोळे पुसून डबा भरून राहिल्या. पानवाल्यानंसुद्धा टाकले, हरामखोरानं.
देवाजीचं खटलं अर्धपोटी माझ्याच घरी आलं. आमच्या घरचं रेशन साफ.

२२ मार्च.
रस्त्यात नत्थूजी भेटला. म्हणे, काहून गा शालिकराम, गंजाकडे फिरकत नाही? मले मिठाचा अंदाज येत नाही, येऊन सांगत जा ना गा. वर हसला.
टोमणा! सरळसरळ टोमणा! आता दयामाया नाही.
फादरपुढे पापं सांगायले, कन्फेशनले जाणं इस्टरपर्यंत तहकूब. फादरले फुकटची बातमी काहून द्यायची?

२९ मार्च.
प्लॅन नंबर तीन. खिशात भिवापुरी मिरचीची पूड, चांगली पुडीभर. सगळे आत क्रूसाच्या वाटेत गुडघे टेकून. मी मागच्या दारानं गंजाशी गेलो, पुडी ओतली, सराट्यानं ढवळलं. किती दिवसांनी हातात आला तो! क्षणभर फार बरं वाटलं.
इतक्यात प्रेमिला जेवणाचा रिकामा डबा घेऊन आली. म्हणे, सरका जरा, पहिला डबा पोरांचा. विचारलं, कोणत्या पोरांचा? म्हणे, सिस्टरच्या घरातल्या. सिस्टर बाहेर रिक्षात थांबली आहे. तोंडात फोड आलेली लहान लहान लेकरं आहेत, त्यांले फिक्कंच चालते. तुमच्या हातची त्यांच्या जिभेले झोंबायची, म्हणून इतकी वर्षं डबा जात नव्हता. नत्थूजीनं यंदा सुरू केला.
माझ्या हातून घेऊन ती सराटा गंजात घालणार, तेवढ्यात मी लाथ मारली. गंज आडवा. खिचडी अंगणभर, अर्धी माझ्या पायावर. लोक धावत आले. म्हटलं, पाय घसरला. कोणी मानलं नाही. फादरनं स्वतः वाकून गंज सरळ केला, ते जास्त लागलं. सिस्टर दुकानातून पाव घेऊन गेली. आज पोरांनी कोरडा पाव खाल्ला असेल.
मले रडू आलं. मिरचीची पूड डोळ्यात गेली असणार.

१२ एप्रिल, गुड फ्रायडे.
पायाले पट्टी. घरीच. विचारांती माझ्या लक्षात आलं की गंज लाथाडून मी पोरांले वाचवलं. एक दिवस फादरलेही पटेल. सराटा परत येणार म्हणजे येणार.

१४ एप्रिल, इस्टर.
कडक इस्त्रीचा शर्ट घातला, लंगडत जाऊन पहिल्या बाकावर बसलो. मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादरनं सांगितलं, नत्थूजी आता लेकाकडे उमरेडले राहायले चालला. पुढच्या वर्षी सराटा अशा हातात देतो, ज्याले त्या पोरांची जीभ कळते. मी अर्धा उठलोही होतो.
फादर म्हणाले, प्रेमिलाबाई.
टाळ्या! नत्थूजीच्या सर्वांत मोठ्या. मी उभाच होतो, मग मीही वाजवल्या, लोकांले वाटलं त्यासाठीच उठलो.
घरी आल्यावर म्हटलं, मसाल्याचं मी सांगत जाईन. ती म्हणे, तुम्ही गंजाच्या दहा हात लांब राहायचं, नळावर ताटं घासायची. म्हटलं, याचाही सूड घेईन. म्हणे, घ्या, पण जेवायले कुठे जाल?
विचार केला. मग नळावर जाऊन आजची भांडी घासली.