मान डोलावण्याचा नियम

प्रिय पाद्रीबुवा,

आपण दोघंही वाद घालणारी माणसं, आणि सध्या आपल्या दोघांशीही कोणी वाद घालत नाही. हा अन्याय आहे, आणि तो मी आधी बोलून टाकतो. ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेल्यापासून चर्चमधली माणसं तुझ्याशी बाळाशी बोलावं तसं बोलतात, असं वहिनी सांगत होत्या. काही जण तर मोठ्याने आणि सावकाश बोलतात, जणू डॉक्टरांनी घसा नव्हे, कानच काढलेत. माझी गत वेगळी नाही. वाचनालयात परवा मी मुद्दाम म्हणालो, पृथ्वी सपाट असावी अशी मला हल्ली शंका येते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "असेलही हो सर. तुम्ही चहा घ्या." मित्राच्या दुखण्याने म्हातारा खचला, असं त्यांनी धरून टाकलंय.

त्यांनी आणखीही एक बातमी दिली. आपल्या वार्षिक वादसभेतून तू नाव काढून घेतलंस, आणि समितीने लगेच माझं एकट्याचं व्याख्यान ठरवलं. विषय तोच, येशू खरोखर होऊन गेला की जुन्या भविष्यवाण्यांमधून घडवला गेला. बाई खूश होत्या, यंदा सभा वेळेवर संपेल म्हणून. मी घरी येऊन तयारीला लागलो. तुला ठाऊक आहे, मी तयारी उभ्यानेच करतो. लेक कपड्यांना इस्त्री करत होती, तिला श्रोता केलं.

माझी बाजू मी झोकात मांडली. ज्यू संदेष्ट्यांनी शेकडो वर्षं आधी मापं घेऊन ठेवली होती, म्हणालो. देवाने धाडलेला राजा येईल, तो दाविद राजाच्या गावी, बेथलेहेमला जन्मेल. तो गाढवावर बसून येईल. त्याचे कपडे वाटून घ्यायला चिठ्ठ्या टाकतील. चरित्रं लिहिणाऱ्यांनी ती मापं समोर ठेवली आणि कोट शिवला. कोट अंगाला बसला म्हणून लोक चकित झाले, पण अंगच कोटावरून बेतलेलं असेल तर न बसायला काय झालं? लेकीने कॉलर उलटी करून दाबली आणि विचारलं, "आणि काकांचं काय म्हणणं?" मग मी तुझी बाजू सांगितली. म्हणजे श्रद्धेचा विषय आहे, पुरावा मागू नये, हृदयाला विचारावं, वगैरे.

तिने इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, "बाबा, काका असं कधी बोलले? तुम्ही त्यांना लंगडं करून शर्यतीला उभं केलंत."

मला राग आला, कारण ती बरोबर होती. मला आपली पहिली सभा आठवली. तेव्हाही मी हेच केलं होतं आणि तू उठून म्हणाला होतास, "ह्याने माझं बुजगावणं उभं केलंय आणि त्यालाच काठीने झोडतोय. झोडू दे, मी इथे बसलोय." सभागृह हसून लोटपोट. आपले पंच, डोळ्यांचे डॉक्टर, तेवढे हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे नियम काढला. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरच्याने मान डोलावून 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल केल्याशिवाय खोडून काढायला तोंड उघडायचं नाही. नंतरच्या एका वर्षी तू माझी बाजू अशी मांडलीस, की माझ्याच पुतण्याला वाटलं तू फितूर झालास. मी मान डोलावली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पंख्याच्या धुळीवर ढकललं.

तर दुसऱ्या दिवशी, पंचांनी तरी तुझ्या वतीने मान डोलवावी म्हणून, डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी सवयीने माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, आणि तशातच मी तुझी बाजू सांगायला लागलो. या वेळी नीट. कोट मापावरून शिवला, मान्य. मग बाही आखूड का? जो माणूस कल्पनेतूनच काढायचा, त्याला सरळ बेथलेहेमचा करून मोकळं व्हावं. तो नासरेथ या किरकोळ गावचा, हे मध्ये आणलं कशाला? एका चरित्रकाराला त्याच्या आईबापांना बेथलेहेमला न्यायला खानेसुमारी काढावी लागली. दुसऱ्याने त्यांना आधीपासून बेथलेहेमलाच ठेवलं आणि मग नासरेथला हलवायला कारण शोधलं. एवढी यातायात माणूस तेव्हाच करतो, जेव्हा नासरेथ सगळ्यांना माहीत असतं आणि लपवता येत नसतं. आणि क्रूस? ज्यांना विजयी राजा हवा होता, त्यांच्यासाठी बंडखोराच्या मरणाने मेलेला राजा कोण रचेल? न बसणारा तुकडा मुद्दाम कोणी शिवत नाही. तो तुकडा म्हणजेच माणूस.

पाद्रीबुवा, बोलता बोलता माझा आवाज तुझ्यासारखा खाली उतरला. मी बदललेलो नाही, घाबरू नकोस. गावाचं नाव खरं ठरलं म्हणून चमत्कार खरे ठरत नाहीत, आणि ते मी तुला ठणकावून सांगणार आहे. पण ते सांगण्याआधी मी थांबलो आणि डॉक्टरांकडे बघितलं.

त्यांनी मान डोलावली नाही. दिवा बंद करत म्हणाले, "मी ज्यू माणूस. आमच्या संदेष्ट्यांनी राजांना खडसावलं, पत्रिका मांडल्या नाहीत. तो राजा आला की तलवारी मोडून नांगर होतील, असं ते म्हणाले; ते नांगर अजून झालेले नाहीत, म्हणजे आमच्या मते अजून कोणी आलेलंही नाही. तुम्ही दोघं आमच्या घरच्या कपाटातल्या कोटावरून भांडता, मी मजा बघतो. पण पाद्रीबुवांच्या वतीने मान डोलवायची, ते माझं काम नाही." मग म्हणाले, "मोतीबिंदू वाढलाय. भांडण लवकर उरका."

म्हणजे मी अडकलोय. तुझी बाजू मांडून तयार उभा आहे आणि पुढचा शब्द काढता येत नाही.

आता मूळ गोष्ट. इस्पितळात भेटायला आलो होतो तेव्हा तू पाटीवर लिहिलंस, "आता तू जिंकलास." मी ते बाहीने पुसलं आणि निघून गेलो. वहिनींना वाटलं मी रागावलो. रागावलो नव्हतो, जन्मात पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नव्हतं. ते आज सुचलं, म्हणून हे पत्र. आपल्या नियमात जिंकायला समोर तू लागतोस. लोक मला तोफ म्हणतात, पण तुझ्याशिवाय मी नुसता मोठ्याने बोलणारा माणूस आहे, आणि असे खूप आहेत. ग्रंथपालबाईंना मी व्याख्यानाला नाही म्हणालोय. सभा होईल ती वादसभाच. तुझी बाजू मी मांडेन, तू ती घासूनपुसून सांगायचास तशी. शब्द चुकला, धार कमी पडली, तर नकारार्थी मान हलव, मी पहिल्यापासून सुरू करीन, मग सभा मध्यरात्रीपर्यंत का चालेना. तू होकार दिल्याशिवाय मी माझ्या बाजूचं एक अक्षर बोलणार नाही. तेव्हा शनिवारी संध्याकाळी ये. डावीकडच्या तुझ्या खुर्चीत बस. पाटी घरी ठेव. मान डोलवायला घसा लागत नाही.

तुझाच, आणि तुझ्याविरुद्धच,
तोफ